काचेतलं न हलणारं पाणी

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे आणि मला माणसांची भीती वाटते. तुम्ही म्हणाल, हे उलटं झालं. खरं आहे. समोर उभ्या राहणाऱ्याने मला घाबरावं, अशीच माझी घडण आहे. पण ज्याने घाबरायचं तो घाबरत नसेल, तर ते काम मलाच करावं लागतं.

हिरोन गावाच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी बॉयलर बनवते. मला बनवलं त्याला बेचाळीस वर्षं झाली. जाड पोलादी पत्र्याचं पिंप, आत भट्टीची एक मोठी नळी, तिच्या वर चौसष्ट बारीक नळ्या, आणि हे सगळं पाण्यात बुडालेलं. त्यातलं 'बुडालेलं' हे महत्त्वाचं. पाणी नळ्यांच्या वर आहे तोवर माझ्याइतका सभ्य प्राणी नाही. ते खाली उतरलं की पोलाद तापून लाल होतं, मऊ पडतं. अशा वेळी कोणी घाबरून आत गार पाणी सोडलं, तर त्या पाण्याची एका दमात वाफ होते आणि मला फाटण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. त्यानंतरचं वर्णन करायला जवळचं कोणी शिल्लक राहत नाही.

मला एका सरबताच्या कारखान्याने मागवलं होतं. माझा रंग वाळायच्या आत तो कारखाना बंद पडला. न विकल्या गेलेल्या वस्तूला कंपनीत दोनच वाटा असतात, भंगार किंवा शिक्षण. माझ्या वाट्याला शिक्षण आलं. विकलेले बॉयलर दुरुस्त करायला गावोगाव जाणारे जे तंत्रज्ञ असतात, त्यांची परीक्षा माझ्यावर होऊ लागली.

ही परीक्षा एलीसेर रांखेल घ्यायचे. ते दुरुस्ती विभागाचे प्रमुख. वय अठ्ठावन्न, डाव्या कानाची पाळी वाफेने कधीच नेलेली, बोलणं मोजकं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांची एक पद्धत होती. दर गुरुवारी दुपारी जेवण झालं की ते एकटेच माझ्याकडे येत आणि माझ्यात एक खोट घालून ठेवत. कधी एखादी तार ढिली, कधी एखादा नळ बंद. मग बर्नरच्या खटक्याच्या पेटीला कुलूप घालून किल्ली खिशात टाकत. शुक्रवारी सकाळी उमेदवाराला माझ्यापुढे उभं करून कुलूप काढायचं आणि म्हणायचं, "पेटवा."

बस, एवढंच. जो पेटवायचा तो नापास. जो आधी माझ्याभोवती फिरायचा, हात लावून बघायचा आणि म्हणायचा, "उस्ताद, हा आज पेटणार नाही," तो पास. परीक्षा चालू असताना उस्तादांचा हात खटक्यावरून हलत नसे. त्यामुळे त्या काळात मला भीती ठाऊकच नव्हती म्हणा ना.

खोट कोणती, हे ते कागदावर लिहीत नसत आणि कोणाला सांगतही नसत. एका उमेदवाराने रखवालदाराला दारूची बाटली देऊन ती माहिती आधीच काढून घेतली होती, तेव्हापासून हा नियम. सगळं एका डोक्यात. ते डोकं रोज सकाळी साडेसहाला फाटकातून आत येत असे, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

माझ्यावर चाळीसेक माणसं शिकून तयार झाली. सुरुवातीला कौतुकही खूप झालं. कंपनीच्या कॅलेंडरवर माझं चित्र आलं, दर डिसेंबरात मला नवा हिरवा रंग मिळे. पण पास झालेला माणूस दोन वर्षांच्या वर टिकत नसे. एकट्याने डोंगरातल्या रस्त्याने सहा तास गाडी हाणायची, दिवसभर उकाड्यात दुरुस्ती करायची आणि तसंच परत यायचं. ज्या गिऱ्हाइकाकडे तो जाई, ते गिऱ्हाईक त्याला दुपारचं जेवण वाढता वाढता म्हणे, "कशाला जाता परत? इथेच राहा की." पाम तेलाच्या कारखान्यांनी तर आमचे सात जण असे जेवणावरून उचलले.

यावर इलाज म्हणून कंपनीने डॉक्टर ओत्तो मांतिया यांना आणलं. ते डॉक्टर नव्हते. आमच्याकडे टाय आणि स्वतंत्र खोली असली की माणूस डॉक्टर होतो. माणसं निवडणं आणि टिकवणं हे त्यांचं खातं. टिकवण्यासाठी त्यांनी 'आपण एक कुटुंब' असं छापलेले सदरे वाटले आणि महिन्याच्या सर्वोत्तम तंत्रज्ञाची तसबीर लावायला सुरुवात केली. चौकटवाला तसबीर घेऊन येईपर्यंत तो तंत्रज्ञ बहुधा गेलेला असे. तरी तसबीर लागायची. भिंत लवकर भरली.

निवडीसाठी त्यांनी चित्राची परीक्षा आणली. उमेदवाराला कोरा कागद द्यायचा आणि सांगायचं, पावसात उभा असलेला माणूस काढा. त्यावरून माणसाचा स्वभाव कळतो म्हणे.

मग एका गुरुवारी दुपारी उस्ताद नेहमीसारखे माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी एका बाईची परीक्षा होती. योलिमा आर्दिला, वय चौतीस, बेलेस गावच्या पेरूच्या वडीच्या कारखान्यात अकरा वर्षं बॉयलर सांभाळलेली आणि उस्तादांच्या परीक्षेची कीर्ती ऐकून आलेली. उस्तादांनी तिच्यासाठी खास मेहनत घेतली. पाण्याची पातळी दाखवणारी जी काचेची नळी माझ्या पोटावर असते, तिचा खालचा नळ त्यांनी बंद केला. काचेत अर्ध्यापर्यंत पाणी तसंच अडकून राहिलं. मग माझ्या पोटातलं पाणी त्यांनी सोडून सोडून नळ्यांच्या जेमतेम वर आणलं. त्यानंतर पाणी कमी झालं की आग आपोआप बंद करणारा आणि पंप सुरू करणारा जो तरंगता गोळा असतो, तोही तांब्याच्या तारेने बांधून टाकला.

"दोन आहेत आज," ते मला थोपटत म्हणाले. "एक सापडली की माणूस खूश होऊन थांबतो. दुसरी त्याच्यासाठी."

कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. एवढ्यात डॉक्टर ओत्तो मैदान ओलांडून आले. हातात कागद होता.

"उस्ताद, उद्याची परीक्षा रद्द. बाई चित्रात नापास झाल्या."

"काय काढलं त्यांनी?"

"माणूस काढला, पाऊस काढला. छत्री काढली नाही." डॉक्टरांनी कागद पुढे केला. "छत्री नाही म्हणजे संकटात स्वतःला सावरायची ताकद नाही. शास्त्र आहे ते."

उस्तादांनी चित्र नीट पाहिलं. "जिथे ही बाई काम करते तिथे दिवसभर वाफ असते, डॉक्टर. छत्री घेऊन काय करतील?"

"मी नियम केले नाहीत."

"आणि जे पास झाले?"

"फ्रेदीने उत्तम छत्री काढली आहे. घट्ट धरलेली."

"फ्रेदीने बॉयलर पाहिलाय का कधी?"

"ते शिकवता येतं. वृत्ती शिकवता येत नाही."

उस्तादांनी चित्राची घडी घातली आणि परत दिली. मग शांतपणे म्हणाले, "सान आल्बेर्तोच्या तेलवाल्यांचं नोकरीचं पत्र तीन वर्षं माझ्या खिशात आहे. दरवर्षी तुमच्याकडे एकच मागतोय, रस्त्यावर माणसागणिक जोडीला एक माणूस द्या. तुम्ही सदरे दिलेत. मी जातो."

आता इथे लक्ष द्या मित्रांनो. डॉक्टरांनी एका अभ्यासवर्गात ऐकलं होतं की राजीनामा दिलेल्या माणसाला तासभरसुद्धा आवारात ठेवू नये, तो सूडाने काही बिघडवून ठेवतो. त्यांनी रखवालदाराला तिथेच बोलावलं. निरोपाची मुलाखतही माझ्यासमोर उभ्या उभ्या झाली, कारण आत ऑफिसात कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापणं चालू होतं.

"कंपनीच्या वस्तू इथे ठेवा," डॉक्टर म्हणाले. उस्तादांनी पाने ठेवले, मोजमापाची पेटी ठेवली. "किल्ल्याही."

"ही किल्ली राहू द्या माझ्याकडे. याबद्दल बोलायचंय."

"कंपनीची मालमत्ता आहे, उस्ताद. बोलायचं ते निरोपाच्या अर्जात लिहा. सातवा प्रश्न, 'आणखी काही सांगायचे आहे का'. दोन ओळी आहेत."

उस्तादांनी किल्ली ठेवली आणि दोन ओळी लिहिल्या. लिहिताना ते पुटपुटत होते, म्हणून मला कळलं. 'बॉयलर पेटवू नका. दोन ठिकाणी खोट घातली आहे.' डॉक्टरांनी कागद न वाचता फाईलमध्ये घातला. तो पुढे त्यांच्या सहायिकेकडे गेला आणि 'कडवटपणा' या सदरात मोजला गेला, हे मला फार नंतर समजलं. फाटकापाशी उस्ताद रखवालदाराला काहीतरी सांगू पाहत होते. रखवालदार म्हणाला, "उस्ताद, मला आता तुमच्याशी बोलायची मनाई आहे. माझंही पोट आहे." आणि त्याने फाटक लावलं. तो मान खाली घालून उभा होता, एवढं मी पाहिलं.

मला ओरडता येत नाही. वाफ असेल तर शिट्टी वाजवता येते, आणि वाफ होण्यासाठी मला पेटवावं लागतं. माझ्या जातीची ही गंमत आहे.

शुक्रवार, शनिवार, रविवार, आणि सोमवार सणाचा. चार दिवस मी पोटातल्या तेवढ्याशा पाण्याकडे लक्ष ठेवून काढले. काचेत मात्र अर्ध्यापर्यंत पाणी दिसत होतं, स्वच्छ, निवांत.

मंगळवारी सकाळी दहा वाजता डॉक्टर ओत्तो पाहुणे घेऊन आले. दोन इस्पितळांचे खरेदी करणारे लोक होते, चार-पाच कारकून होते, नवा सदरा घातलेला फ्रेदी होता. आमचे तंत्रज्ञ कसे तयार होतात, याचं प्रात्यक्षिक होतं. माझ्या वाफेच्या नळाला एक पत्र्याची पेटी जोडली होती, तिच्यात मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात बांधलेले तीस तामाल रचलेले होते. पाहुण्यांना कंपनीच्या वाफेवर शिजलेलं जेवण द्यायचं, ही डॉक्टरांची कल्पना.

डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली. मी बेचाळीस वर्षांत इतका गार कधी पडलो नव्हतो.

फ्रेदीच्या हातात यादी होती. तो मोठ्याने वाचत होता आणि खुणा करत होता. "पाणी काचेत दिसते का? दिसते." खूण. खरंच दिसत होतं. त्याचं काय चुकलं? काचेखालचा छोटा नळ उघडून आतलं पाणी सोडायचं आणि ते परत भरतं का हे बघायचं, ही आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट. ती यादीत नव्हती. ती उस्तादांच्या डोक्यात होती.

"पेटवा," डॉक्टर म्हणाले.

फ्रेदीने पेटवलं.

अर्ध्या तासात वाफ आली. टाळ्या पडल्या. वाफ तामालांच्या पेटीत जाऊ लागली आणि माझ्या पोटातलं पाणी बोटाबोटाने उतरू लागलं. नळ्यांची वरची रांग उघडी पडली. मग दुसरी. नळ्या तडतडायला लागल्या. एका पाहुण्याने विचारलं, "हा आवाज कसला?" डॉक्टर म्हणाले, "कामाचा." माझ्या पाठीवरचा हिरवा रंग करपू लागला होता. सगळे माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. एक कारकून तर मला टेकूनच उभा होता, मग चटका बसला म्हणून हसत बाजूला झाला. मी त्यांचे चेहरे मोजत होतो. अकरा.

त्याच वेळी फाटकाशी योलिमा आर्दिला आपली प्रमाणपत्रं परत न्यायला आली होती. रखवालदार म्हणाला, "थांबा जरा, डॉक्टर कार्यक्रमात आहेत."

"रंग जळतोय कुठेतरी," ती म्हणाली.

"तामाल असतील."

"तामालांना हिरवा रंग देता का तुम्ही?"

ती आत आली. पळाली नाही, पण चालली म्हणावं अशीही नव्हती. माझ्यापुढे येऊन तिने एकदा काचेकडे पाहिलं, एकदाच, आणि सरळ जाऊन खटका पाडला. आग विझली.

"अहो बाई," डॉक्टर ओत्तो म्हणाले, "तुम्ही कोण? रखवालदार!"

"छत्री न काढलेली," योलिमा म्हणाली. "काचेत बघा, डॉक्टर. आत पाणी उकळत असलं की काचेतलं पाणी थरथरतं. हे थरथरतंय का? हे शोकेसमधलं पाणी आहे." तिने काचेखालचा छोटा नळ उघडला. काच रिकामी झाली, फुस्स करून वाफ आली आणि पाणी परत आलं नाही. "खालचा नळ बंद आहे. आत किती पाणी आहे ते कोणालाच माहीत नाही."

 मग डॉक्टरांना सुचलं. कोणालाही तेच सुचलं असतं. "मग बघता काय? पाणी सोडा आत! फ्रेदी, पंप!"

मित्रांनो, ती वेळ मी अजून विसरलेलो नाही. फ्रेदी आज्ञाधारक माणूस. त्याचा हात पंपाच्या बटणापाशी गेला. माझ्या आत वरच्या तीन रांगा लाल होत्या. गार पाण्याची एक धार, आणि पुढे काही नाही.

योलिमाने त्याचं मनगट धरलं.

"सोडा," फ्रेदी म्हणाला. "डॉक्टर सांगतायत."

"डॉक्टर इथेच उभे आहेत, तुम्हीपण, मीपण," ती हळू आवाजात म्हणाली. "पाणी गेलं तर तिघांना एकत्रच पुरावं लागेल, वेगवेगळं करता येणार नाही. ऐका माझं, भाऊ. हात मागे घ्या."

तिने पकड सोडली नाही.   फ्रेदीने तिच्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा त्याने वरिष्ठाचं न ऐकण्याचं ठरवलं. हात मागे घेतला.

"आता काही उघडायचं नाही, काही बंद करायचं नाही," योलिमा म्हणाली. "सगळे फाटकाबाहेर. भिंतीच्या आडोशाला."

"तामाल..." एक कारकून म्हणाला.

"तुम्ही थांबा तामालांसाठी. तुमच्या घरचा पत्ता देऊन ठेवा."

मैदान रिकामं झालं. ती सगळ्यांच्या शेवटी गेली. मी एकटा राहिलो. गार होताना पोलाद आक्रसतं, ठिकठिकाणी ताण येतो, आणि प्रत्येक ठणक्याला मला वाटे, आता.  दुपारचे दोन वाजेपर्यंत मी स्वतःलाच घाबरत उभा होतो.

फाटलो नाही. वरच्या रांगांतल्या अकरा नळ्या तेवढ्या वाकल्या.

मी हाताला गार लागू लागल्यावर योलिमा एकटी परत आली. पाने कोणाचे घेतले कोण जाणे. कोणी सांगितलं नव्हतं, तरी ती थांबली नाही. तिने गोळ्याचं झाकण खोललं, तांब्याची तार बघितली, तिची गाठ बोटाने चाचपली.

"दुसरीपण होती तर," ती म्हणाली. मग आजूबाजूला पाहिलं. "मग पास का मी, उस्ताद?"

तिथे कोणी नव्हतं.

डॉक्टर ओत्तोंनी तिला संध्याकाळी नोकरी देऊ केली. चित्राची अट शिथिल केली, तसबीर लावू म्हणाले. तिने विचारलं, "रस्त्यावर माझ्या जोडीला कोण असेल?" डॉक्टर म्हणाले, संपूर्ण कुटुंब तुमच्या पाठीशी असेल. "गाडीत किती जण मावतं कुटुंब?" तिने विचारलं. डॉक्टरांनी त्यावर सूचनापेटीकडे बोट दाखवलं. तिने प्रमाणपत्रं मागून घेतली, पिशवीत घातली आणि उस्ताद गेले त्या सान आल्बेर्तोची बस किती वाजता आहे, ते रखवालदाराला विचारून गेली.

या गोष्टीला सात आठवडे झाले. माझ्या पाठीला पुन्हा हिरवा रंग दिला आहे, आत कोणी पाहिलेलं नाही. फ्रेदी त्या दिवसानंतर फार सावध झाला होता. प्रत्येक यंत्राभोवती दोनदा फिरायचा, काच रिकामी करून बघायचा, डॉक्टरांना उलटे प्रश्न विचारायचा. तो तयार होत होता, मित्रांनो. गेल्या सोमवारी त्याला एका दूध डेअरीने जेवायला बसवलं. दुरुस्ती विभागात आता कोणी नाही. खोलीला कुलूप आहे आणि भिंतीवर अठरा तसबिरी आहेत.

त्या खोलीतल्या फोनची एक घंटा बाहेर मैदानात लावलेली आहे, पत्रा ठोकण्याच्या आवाजातही ऐकू जावी म्हणून. ती माझ्या डोक्यावरच आहे. आमच्या कंपनीने विकलेले एकशेबारा बॉयलर आज डोंगरातल्या गावांमध्ये पेटलेले आहेत, इस्पितळांच्या धोबीखान्यांत, दूध डेअऱ्यांत, शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या वडीच्या कारखान्यांत. त्यांच्यापुढे कोणीतरी उभं आहे आणि त्याला काचेत पाणी दिसतं आहे.

तुम्ही मोठे व्हाल, कोणी मालक व्हाल, कोणी साहेब. जाणत्या माणसाला धरून ठेवायचं तर तो काय मागतो ते आधी ऐका, आणि ते त्याला द्या. त्याच्या डोक्यातलं दुसऱ्या चार डोक्यांत उतरेल एवढा वेळ त्याला राहू द्या. माझी शिकवण एवढीच आहे, आणि ती सावकाश सांगायची माझी इच्छा होती. पण सकाळपासून ही घंटा वाजते आहे. बारा वेळा वाजते, थांबते, परत वाजते. इतक्या घाईने कोणी बिल विचारायला फोन करत नाही.

तुमच्यापैकी कोणी जवळ असेल, तर तो फोन उचला. काही येत नसलं तरी चालेल. एवढंच सांगा: आग बंद करा, पाणी सोडू नका, सगळे बाहेर पडा. पलीकडचा माणूस विचारेल, मग तुमच्याकडून कोण येतंय?

त्याला काय सांगायचं, ते मला माहीत नाही.